वाफबाईंचं यंत्र आणि कांचनाची साल

वाफबाईंना हे नाव इस्पितळाच्या धुलाईघरानं दिलं. तिथे त्या सव्वीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवर होत्या. त्या अवाढव्य इस्त्रीचं झाकण उचललं की आधी पांढरा ढग उठायचा, मग ढगातून आवाज यायचा आणि सगळ्यांत शेवटी बाई दिसायच्या. नाटकात एखादी देवी प्रकट व्हावी, असा तो थाट. फरक इतकाच, की ही देवी प्रकट होताच विचारायची, "ही खोळ उलटी कुणी घातली? हात काय भाड्यानं आणलेत?"

मग एके दिवशी इस्पितळानं धुलाईचं काम बाहेर दिलं आणि धुलाईघराला कुलूप लागलं. निरोपाला प्रत्येकीला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सगळ्या जणी रडल्या. वाफबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि रागात रडणं त्यांना कधी जमलंच नाही. वय वर्षं त्रेपन्न, गुडघे बरे, खांदे दगडासारखे. आणि हातात काय, तर घड्याळ!

"आता वेळ बघत बसायची का मी?" त्या घरी येऊन म्हणाल्या.

"बघ की," नवरा म्हणाला. तो बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, शांत प्रकृतीचा माणूस. "मी बघतोय दोन वर्षं. जाते हळूहळू."

वाफबाईंनी आठ दिवस घड्याळ बघितलं. नवव्या दिवशी जाहीर केलं, "मी बागेची कामं घेणार. माझी स्वतःची."

हे काही आभाळातून पडलेलं खूळ नव्हतं. त्यांचे वडील रोपवाटिकेत कलमं बांधायचे. लहानपणी वडील चाकू चालवत, थोरला भाऊ फांद्या निवडून देई आणि वाफबाई मेणात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या हातात धरून उभ्या असत. काप झाला की त्यांनी पट्टी आवळून बांधायची. चाकूला मात्र हात लावायचा नाही. "चाकू पोरींचा नव्हे," असं वडील म्हणत. वडील गेल्यावर चाकू अर्थातच भावाकडे गेला. त्या चाकूच्या जोरावर नव्हे, पण वडिलांच्या ओळखींच्या जोरावर भावानं पुढे बागांची ठेकेदारी उभी केली. आज त्याच्याकडे बारा माणसं, तीन टेम्पो आणि टोपीवर छापलेलं नाव होतं.

बहिणीचा बेत ऐकून तो पोट धरून हसला.

"अगं, ये ना माझ्याकडे. हजेरी लिही. सावलीत खुर्ची टाकून देतो."

"खुर्ची तूच ठेव, दादा. माझं वजन तिला झेपायचं नाही."

"पडशील तोंडावर."

"पडले तर उठेन. तू बघायला ये, तिकीट लावणार नाही."

यंत्रांच्या दुकानात नवरा सोबत आला. मालकानं सरळ त्यालाच विचारलं, "बोला साहेब, काय दाखवू?"

"मला काही नको," नवरा म्हणाला. "मी हमाल आहे. गिऱ्हाईक त्या."

मालकानं मग बाईंकडे बघून आवाज मऊ केला आणि बॅटरीवरचं, गुलाबी मुठीचं, खेळण्याएवढं एक कापायचं यंत्र पुढे ठेवलं. "मॅडमसाठी हलकं, सुटसुटीत."

"कुंड्यांसाठी छान आहे. मला धंदा करायचाय."

मालक लगेच दुसऱ्या टोकाला गेला. बसून चालवायची, छोट्या मोटारीएवढी गवतकापणी दाखवू लागला. वाफबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या. "ही कुठल्या सोसायटीच्या फाटकातून आत जाईल? आणि गेली तर वळेल कुठे? मैदानं आहेत त्यांना विका." मग त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा, तुमच्याकडे दुरुस्तीला सगळ्यांत जास्त काय येतं?"

उत्तर मागच्या खोलीतून आलं. तिथे एक मेकॅनिक तेलकट हातांनी काहीतरी उघडून बसला होता. "ब्रश कटर," तो न बघता म्हणाला. "खांद्याला पट्टा लावून गवत कापायचा तो. रोज तोच लागतो, म्हणून तोच बिघडतो."

"मग तो आधी द्या."

असं एकेक करून सामान ठरलं. ब्रश कटर पहिला. मागून चालत ढकलायचा लॉन मोवर दुसरा. कुंपणाच्या झुडपांना आकार द्यायला हेज ट्रिमर, तो मात्र बॅटरीवरचा, कारण लोकांच्या खिडक्यांखाली सकाळी सकाळी बोंबलणारं यंत्र नको. शेवटी पाला उडवायला ब्लोअर. डोळ्यांना चष्मा, कानांना टोपणं, पायांत जाड बूट. मालकानं साखळीची करवतही पुढे केली. वाफबाईंनी ती मागे सरकवली. "झाडं पाडायला नाही निघाले मी." हे वाक्य त्यांना पुढे चांगलंच टोचणार होतं, पण त्या दिवशी ते अगदी टाळ्यांच्या जागेवर पडलं.

मेकॅनिकनं मात्र जे शिकवलं ते सोन्यासारखं होतं. ब्रश कटरच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, मोवरच्या पेट्रोलमध्ये नाही. उलटसुलट झालं की इंजिन खलास. वाफबाईंनी लगेच एका डब्याच्या कानाला लाल फडकं बांधलं, दुसऱ्याच्या पांढरं. धुलाईघरात संसर्गाचे कपडे असेच वेगळे ठेवत. मग त्यांनी ब्रश कटर चालू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा, सातदा. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. मेकॅनिकच्या ओठांवर हसू आलं. आठव्या वेळी सव्वीस वर्षं इस्त्रीचं झाकण उचललेला तो हात असा मागे आला, की यंत्र किंचाळतच जागं झालं.

"बरं," मेकॅनिक म्हणाला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

सामान दोन खोल्यांच्या घरात कसंबसं मावलं. झोपायच्या वेळी नवऱ्यानं खोलीभर नजर फिरवली. "एवढं सांग, माझी जागा कुठली? मोवरच्या उजवीकडे की डावीकडे?"

पहिलं काम मिळालं ते तीन इमारतींच्या एका सोसायटीत. मध्ये हिरवळ, कडेनं झुडपांचं कुंपण आणि हिरवळीच्या एका कोपऱ्यात एकुलतं एक कांचनाचं झाड, मनगटाएवढ्या खोडाचं. सेक्रेटरी नाकासमोर चालणारे, फायलीतले गृहस्थ. त्यांनी बजावलं, "तीन महिने बघू. काम पसंत पडलं तर पुढे." तीन महिने. तेवढ्यात पाय रोवायचे, नाहीतर भावाच्या सावलीत खुर्ची होतीच.

आणि योग असा, की भिंतीपलीकडच्या सोसायटीची बाग भावाकडे होती. त्याचा मुकादम पहिल्याच आठवड्यात भिंतीवरून डोकावला. वाफबाई ब्रश कटर चालवत होत्या. यंत्राच्या खालच्या टोकाला नायलॉनची दोरी गरगर फिरत होती आणि तिच्या मागे काळं गार्ड होतं. त्यानं दगड अंगावर येत नाहीत, आणि त्याच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते जास्तीची दोरी कापून टाकतं.

"ओ मावशी, गार्ड लावून चालवताय?" मुकादम ओरडला. "नवीन आहात वाटतं!"

त्याच्या मागची चार माणसं हसली. वाफबाईंनी बघितलं, तर त्यांच्यापैकी एकाच्याही यंत्राला गार्ड नव्हतं. त्यांच्या दोऱ्या हात हातभर लांब होत्या आणि एका फेरीत दुप्पट गवत पडत होतं. त्या संध्याकाळी भाऊ चहाला आला. त्याला गार्डबद्दल विचारलं.

"ते गार्ड शिकाऊंसाठी असतं गं," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "माझ्याकडे पहिल्या दिवशीच काढून टाकतात. अर्ध्या वेळात काम होतं."

भाऊ गेल्यावर वाफबाईंनी स्क्रू सोडवले आणि गार्ड स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात टाकलं. लोक त्यांना म्हातारी म्हणोत, भांडखोर म्हणोत. नवीन म्हटलेलं त्यांना खपलं नाही.

तीन आठवडे काम झकास चाललं. मग तो गुरुवार आला. सकाळचे अकरा वाजले असतील. वाफबाई कांचनाच्या बुंध्यापाशी उगवलेलं गवत काढत होत्या. दोरी लांब होती, गवत दाट होतं, आणि त्या बुंध्याभोवती ऐटीत एक गोल फेरी मारून पुढे सरकल्या. मागे वळून बघितलं तर खोडाला खाली काहीतरी पांढरं दिसलं. कागद अडकला असेल, असं वाटलं त्यांना. यंत्र बंद करून त्या वाकल्या.

कागद नव्हता. साल गेली होती. चार बोटं रुंदीचा पट्टा, गोल, आणि आतलं लाकूड ओलं, उघडं, सोललेल्या गुडघ्यासारखं. एका बाजूला तेवढी बोटभर साल शाबूत राहिली होती.

वडिलांच्या पोरीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पानांनी केलेलं अन्न सालीखालच्या ओल्या पदरातून मुळांकडे उतरतं. तो रस्ता तोडला की झाड लगेच मरत नाही. ते महिनोन्‌महिने उभं राहतं, पानं मिरवतं, आणि मग एके दिवशी मान टाकतं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. होता तो फक्त भाऊ, भिंतीपलीकडे माणसांवर देखरेख करत. यंत्र अचानक थांबलं म्हणून त्यानं डोकावून बघितलं, आणि त्याला एका नजरेत सगळं कळलं.

"माती चढव," तो हळूच म्हणाला. "चार महिन्यांनी वाळेल. वाळवी लागली म्हणायचं. अगं, प्रत्येक बागेत असं एखादं होतं."

"तुझ्या बागांत?"

त्याचं डोकं भिंतीआड गेलं.

वाफबाईंनी मातीच्या ढिगाकडे बघितलं. घमेलं तिथेच होतं. त्यांना धुलाईघरातलं पहिलं वर्ष आठवलं. एक चादर इस्त्रीखाली जळली होती. त्यांनी डाग आत घालून तिची सुरेख घडी केली आणि वॉर्डात पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी एक नर्स आली. तिनं ती चादर उघडून त्यांच्या टेबलावर पसरली आणि निघून गेली. एवढंच. ती चादर आजही वाफबाईंच्या कपाटात तळाशी होती.

त्यांनी घमेलं उपडं घातलं, गळ्यातला रुमाल भिजवून झाडाच्या जखमेला गुंडाळला आणि तळमजल्यावरच्या दाराची घंटा वाजवली.

तिथे गणिताच्या बाई राहत. शाळेतून निवृत्त, एकट्या, आणि साऱ्या सोसायटीला धाक. कांचन त्यांनीच लावलं होतं. सहा वर्षं त्या भाज्या धुतलेल्या पाण्याच्या दोन बादल्या रोज त्याला घालत होत्या, आणि सहा वर्षांत त्याला एक फूल आलं नव्हतं.

"बाई, तुमच्या झाडाची साल मी काढली. यंत्रानं. चूक माझी."

"किती?" बाईंनी चष्मा चढवला.

"बोटभर सोडून सगळी."

"म्हणजे गोलाचा किती भाग उरला? नीट सांगा."

"दहावा भाग. नाहीतर त्याहून कमी."

बाई बाहेर आल्या. रुमाल सोडून बराच वेळ बघत राहिल्या. "एवढी लांब दोरी कशाला होती त्या यंत्राला?"

"गार्ड काढलं होतं मी."

"का?"

वाफबाईंनी आयुष्यात कधी खाली घातली नव्हती, ती मान खाली घातली. "नवीन दिसू नये म्हणून."

"मूर्खपणा," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या वर्गात हा शब्द फक्त हुशार मुलींसाठी राखलेला असे. "आता पुढे?"

"पूल बांधीन. याच झाडाच्या काड्या घेऊन, खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत. माझे वडील बांधायचे."

"तुम्ही बांधलाय कधी?"

"नाही. पट्ट्या बांधल्यात."

तेवढ्यात सेक्रेटरी फाईल घेऊन आलेच. झाड बघून त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. झाड काढायचं, नवं लावायचं, आणि वाफबाईंनी महिनाअखेर काम सोडायचं.

"काम सोडायचं का नाही, ते महिनाअखेर बोलू," वाफबाई म्हणाल्या. "झाडाला मात्र हात लावायचा नाही. ते मेलेलं नाही अजून."

"अहो, पण तुमच्याचमुळे..."

"माझ्याचमुळे. म्हणूनच माझ्याच हातानं. मला काढलंत तरी मी रोज येणार. फाटकाबाहेर उभी राहीन, पण येणार."

सेक्रेटरींनी आधारासाठी गणिताच्या बाईंकडे बघितलं. तिथे आधार नव्हता. "हिनं माझं उदाहरण अर्धवट टाकून जायचं नाही," बाई म्हणाल्या. "सोडवू दे. चुकली तर मग मीच बाहेर काढीन."

वाफबाई तिथून थेट भिंतीला वळसा घालून पलीकडच्या बागेत गेल्या. भाऊ टेम्पोपाशी उभा होता.

"बाबांचा चाकू दे."

"कशाला?"

"ऐकलंयस तू सगळं. दे."

"अगं, तुला जमायचं नाही ते. वीस वर्षांत मीसुद्धा कलम बांधलेलं नाही. कशाला हसं करून घेतेस? आणि बाबा म्हणायचे..."

"बाबा काय म्हणायचे ते माझ्या पाठीमागे उभं राहून तू ऐकलंस, मी समोर उभी राहून ऐकलंय. चाकू पोरींचा नव्हे. मी आता पोर नाही. त्रेपन्न वर्षांची घोडी आहे. दे चाकू!"

मुकादम आणि चार माणसं कान टवकारून उभी होती. भावानं टेम्पोच्या कप्प्यातून, जुन्या पावत्यांच्या खालून एक चामड्याची पिशवी काढली. चाकू तसाच होता. लाकडी मूठ झिजून अंगठ्याच्या आकाराची झालेली. फक्त धार गेली होती. वाफबाईंनी अंगठा फिरवून बघितला आणि भावाकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं टोपी नीट केली.

उन्हापेक्षा पहाट बरी, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या नवऱ्याला घेऊन पोचल्या. चाकू दगडावर घासून लखलखीत केलेला. मेण वितळवायला छोटा स्टोव्ह. जुन्या चादरीच्या पट्ट्या. होय, तीच जळकी चादर, बाजूनं चांगली राहिलेली. गणिताच्या बाई खुर्ची टाकून बसल्या, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा.

आधी त्यांनी झाडाच्या बऱ्याच फांद्या छाटल्या, म्हणजे जखमी खोडावर भार कमी. त्यांतल्याच पेन्सिलीएवढ्या पाच काड्या निवडल्या आणि प्रत्येकीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला. मग जखमेच्या कडा चाकूनं साफ केल्या. चाकू पहिल्यांदा सालीत शिरला तो तिरका. वाफबाईंनी तो मागे घेतला, पदराला पुसला आणि पुन्हा घातला. या वेळी सरळ गेला.

काडीचं खालचं टोक निमुळतं करून खालच्या सालीत सरकवायचं, वरचं टोक वरच्या सालीत. काडी जरा लांब ठेवायची, धनुष्यासारखी बाहेर वाकेल अशी, म्हणजे झाड वाऱ्यानं हललं तरी निसटत नाही. एक झाली. दुसरी झाली. तिसरीला हात घातला आणि भिंतीवरून आवाज आला.

"उलटी लावू नकोस. वरचं टोक वरच हवं."

भाऊ होता. एकटाच. एवढ्या पहाटे तो आपल्या स्वतःच्या कामालाही कधी उठला नव्हता.

"लाल दोरा कशाला बांधलाय मग, शोभेला?" वाफबाई मान न वळवता म्हणाल्या.

मग पुन्हा, "मेण जास्त गरम आहे. साल भाजेल."

हे मात्र खरं होतं. वाफबाईंनी नवऱ्याला खूण केली, त्यानं स्टोव्ह बंद केला. "आत ये," त्या भावाला म्हणाल्या. "पट्ट्या धर."

भाऊ फाटकातून आत आला, टोपी काढून गवतावर ठेवली आणि पट्ट्या धरून उभा राहिला. चाकू बहिणीच्या हातात, पट्टी भावाच्या. पाचवी काडी बांधून झाली तेव्हा ऊन इमारतीच्या पायऱ्यांवर आलं होतं.

घरी जाऊन वाफबाईंनी चमच्यांच्या खणातून गार्ड काढलं आणि स्क्रू घट्ट आवळले.

महिनाअखेर आली. सेक्रेटरींनी फाईल उघडली. गणिताच्या बाईंनी आपल्या खिडकीतून नुसतं "अंहं" केलं आणि फाईल मिटली. पाचांतल्या दोन काड्या वाळून काळ्या पडल्या. वाफबाईंनी त्या उपटल्या आणि कुणापासून लपवल्या नाहीत. तीन हिरव्या राहिल्या. हिरव्या म्हणजे काय, नखानं हलकंच खरवडलं की आत ओला पदर दिसायचा. कामाच्या दहाव्या आठवड्यात त्यांतल्या एका काडीवर कोंब फुटला. पुलावरचा कोंब ठेवायचा नसतो, खोडायचा असतो, कारण पुलानं स्वतः झाड व्हायचं नसतं. पण वाफबाईंनी तो एक दिवस तसाच ठेवला. गणिताच्या बाईंनी बघावा म्हणून. त्या आल्या, वाकल्या, चष्म्याच्या वरून बघितलं.

"तीन पंचमांश," त्या म्हणाल्या. "पास."

कांचनाच्या शेंड्यावर नवी पानं होती, कोवळी, मधे दुमडलेली. फूल नव्हतं. त्याचं काय, सहा वर्षं नव्हतंच.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी सेक्रेटरींनी पुढच्या वर्षाचा कागद सहीला आणला. वाफबाईंनी तो वाचला आणि परत केला. खाली एक ओळ घालायला लावली: कोणत्याही झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरात यंत्र चालणार नाही, तिथलं गवत विळ्यानंच निघेल. "वेळ जास्त लागेल," सेक्रेटरी कुरकुरले. "लागेल," वाफबाई म्हणाल्या. ओळ आली, मग सही झाली.

त्या हिरवळीवर आल्या आणि ब्रश कटरचा पट्टा खांद्याला चढवला. भिंतीपलीकडे भावाची माणसं काम करत होती. मुकादम नव्या दोघांना घेऊन आला होता आणि त्यांना गंमत दाखवायची हौस त्याला आवरली नाही.

"ओ मावशी! अजून गार्ड लावूनच? अजून नवीनच का?"

वाफबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "नवीनच आहे!" त्या अशा खणखणीत ओरडल्या, की तिन्ही इमारतींच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. "आणि मरेपर्यंत नवीनच राहणार! तुझ्या बागेतली किती झाडं वाळवीनं मेली, ते मोज आधी!"

मुकादमानं वळून मालकाकडे बघितलं. भाऊ टेम्पोच्या फळीवर बसला होता, मांडीवर एक ब्रश कटर आडवा घेऊन. त्यानं मान वर केली नाही. तो स्क्रू आवळत होता.

वाफबाईंनी दोरी ओढली. एकदाच.